फिरंगी शब्दामागची दोनशे वर्षे

मराठीत गोऱ्या परक्याला फिरंगी म्हणायची सवय जुनी. बखरीत फिरंगी आला की तो बहुधा गोव्याचा पोर्तुगीज असतो. फिरंग म्हणजे सरळ, लांब पात्याची तलवार, कारण तसली पाती युरोपातून येत. शब्द आपल्याकडे फारसीने आणून दिला. त्याच्या मुळाशी आहे अरबी ‘इफ्रंज’, म्हणजे फ्रँक, आजच्या फ्रान्सच्या आसपासचे लोक. अरबीत हा शब्द आधीही होता, पण तो पुस्तकातून बाजारात उतरला १०९७ नंतर. त्या वर्षी हे फ्रँक हजारोंच्या संख्येने, कपड्यांवर कापडी क्रूस शिवून, सिरियाच्या वेशीवर येऊन ठेपले आणि पुढची जवळजवळ दोनशे वर्षे तिथून पुरते हलले नाहीत.

या दोनशे वर्षांच्या लढायांना आपण क्रूसेड म्हणतो, किंवा नुसते ‘धर्मयुद्धे’. त्या काळच्या अरब इतिहासकारांच्या लेखी ती फक्त फ्रँकांशी झालेली युद्धे होती. निघालेले युरोपीय तर स्वतःला यात्रेकरू म्हणवत. यात्रा शस्त्र घेऊन होती एवढेच.

शाळेतला नकाशा सोपा असतो: डावीकडे ख्रिस्ती, उजवीकडे मुसलमान, मध्ये जेरुसलेम. हा इतिहास वाचताना मात्र एक डोळा देवळावर आणि दुसरा जमाखर्चाच्या वहीवर ठेवावा, असे मला वाटते. कोणी काय गहाण टाकले, जहाजाचे भाडे कोणी भरले, पाण्याची विहीर कोणाच्या ताब्यात होती, सुटकेचा दाम किती ठरला, हे पाहत गेले की बऱ्याच कोड्यांची उकल होते.

सुरुवात एका जुन्या साम्राज्याच्या अडचणीतून झाली. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, ही बायझंटाइन साम्राज्याची राजधानी. तिथले ख्रिस्ती ग्रीक परंपरेचे. रोमच्या पोपशी त्यांचे १०५४ मध्ये फाटले होते. १०७१ साली मान्झिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी त्यांच्या सम्राटालाच कैद केले आणि आजच्या तुर्कस्तानाचा मोठा भाग हळूहळू हातचा गेला. १०९५ मध्ये सम्राट अलेक्सियसने पोपकडे मदत मागितली. त्याच्या मनात होते पगारावर लढणारे काही अनुभवी घोडेस्वार.

पोप अर्बन दुसरा याने त्या मागणीचे भलतेच काही करून टाकले. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ येथे त्याने भाषण केले: पूर्वेकडच्या ख्रिस्ती बांधवांना वाचवा, जेरुसलेम सोडवा, जो जाईल त्याला पापांचे प्रायश्चित्त माफ. भाषणाचे नेमके शब्द आपल्याकडे नाहीत. जे वृत्तांत आहेत ते बहुतेक जेरुसलेम पडल्यानंतर लिहिलेले, आणि एकाचे दुसऱ्याशी जुळत नाही.

धर्म हे निव्वळ निमित्त होते, खरी ओढ लुटीची आणि जमिनीची होती, असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही, आणि कारण पुन्हा वहीतच आहे. एका सरदाराला घोडे, चिलखत, नोकर आणि वाटखर्च धरून कित्येक वर्षांचे उत्पन्न घालावे लागे. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट याने आपली अख्खी जहागीर दहा हजार मार्क चांदीला गहाण टाकली, तीही सख्ख्या भावाकडे, इंग्लंडच्या राजाकडे. ती रक्कम उभी करायला राजाने आपल्या रयतेवर जादा कर बसवला. बुलाँच्या गॉडफ्रेने आपला किल्ला बिशपकडे ठेवून पैसे उचलले. लूट मिळवायला कोणी असे घरदार सावकारीत टाकत नाही. आणि जेरुसलेम मिळाल्यावर यातले बहुतेक परत घरी गेले, कर्जासकट.

श्रद्धा खरी होती म्हणून ती निर्मळ होती असे मात्र नाही. मोठे सरदार निघायच्या आधी, १०९६ मध्ये, बेशिस्त टोळ्या ऱ्हाईन नदीकाठच्या गावांतून निघाल्या. श्पायर, वर्म्स आणि माइन्त्समध्ये त्यांनी ज्यूंची कत्तल केली. देवाचे शत्रू शोधायला इतक्या लांब कशाला जायचे, ते तर शेजारीच राहतात, असा त्यांचा हिशोब. काही बिशपांनी ज्यूंना आपल्या वाड्यांत आसरा दिला. माइन्त्समध्ये तो वाडाही टिकला नाही.

आता पलीकडची बाजू. फ्रँक आले तेव्हा तिथे एक मुसलमान सत्ता नव्हतीच. सेल्जुक सुलतान मलिकशाह १०९२ मध्ये वारला, त्याचा वजीर निजामुल्मुल्क त्याच वर्षी मारला गेला, आणि मग भाऊबंदकी जी पेटली ती विझेना. अलेप्पो आणि दमास्कसला सख्खे भाऊ गादीवर, एकमेकांचे वैरी. इजिप्तमध्ये शिया फातिमी खलिफा, बगदादच्या सुन्नी खलिफाला न मानणारे. फ्रँक सिरियाच्या उत्तर टोकाच्या अँटिओक शहराला वेढा देऊन बसले असताना फातिमींनी त्यांच्याकडे वकील पाठवले: तुर्क तुमचेही शत्रू, आमचेही. ती बोलणी चालू असतानाच, १०९८ मध्ये, फातिमींनी तुर्कांकडून जेरुसलेम हिसकावून घेतले. म्हणजे ज्या तुर्कांपासून शहर सोडवायला युरोप निघाला, ते पुढल्या वर्षी शहरात नव्हतेच.

अँटिओक आठ महिन्यांनी पडले, तेही फितुरीने. एका बुरुजाच्या रखवालदाराने दोर सोडू दिला. जेरुसलेमला ७ जून १०९९ रोजी फ्रँक पोचले तेव्हा ऐन उन्हाळा. किल्लेदाराने भोवतालच्या विहिरी निकामी करून ठेवल्या होत्या आणि शिड्या-मनोरे बांधायला लाकूड नव्हते. जिनोआची जहाजे याफाच्या बंदरात आली, ती मोडून त्यांच्या फळ्यांतून वेढ्याचे मनोरे झाले. १५ जुलैला शहर पडले आणि आतल्या मुसलमान व ज्यू रहिवाशांची कत्तल झाली. अरब इतिहासकार इब्न अल-असीरने शंभरेक वर्षांनी मेलेल्यांचा आकडा सत्तर हजार लिहिला. शहराची वस्तीही तेवढी नसावी. खुद्द फ्रँकांचे वृत्तांतही ती कत्तल लपवत नाहीत, उलट अभिमानाने सांगतात. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या कागदांत त्या काळची एक चिठ्ठी आहे: अस्कलानचे ज्यू वर्गणी काढून कैद झालेल्या बांधवांना आणि लुटलेल्या धर्मग्रंथांना पैसे देऊन सोडवत आहेत, अजून रक्कम हवी आहे. मोठ्या इतिहासापेक्षा मला ही चिठ्ठी जास्त बोलकी वाटते.

शेजाऱ्यांचा संसार

फ्रँकांची चार राज्ये झाली: एडेसा, अँटिओक, त्रिपोली आणि जेरुसलेम. पण माणसे कुठे होती? मोहिमेबरोबर आलेला पाद्री, शार्त्रचा फुल्शर, याने लिहून ठेवले आहे की ११०० च्या सुमारास जेरुसलेम, याफा, रामला आणि हैफा राखायला तीनशे घोडेस्वार आणि तेवढेच पायदळ होते. एवढ्या माणसांत तह केल्याशिवाय दिवस जाणे शक्य नव्हते.

त्यामुळे १०९९ नंतर दहा वर्षांच्या आत अशी एक लढाई झाली की शाळेतला नकाशा फाटून जावा. ११०८ साली तल बाशीरजवळ एका बाजूला अँटिओकचा ख्रिस्ती टँक्रेड आणि अलेप्पोचा मुसलमान रिदवान, तर समोर एडेसाचा ख्रिस्ती बाल्डविन आणि मोसुलचा मुसलमान जावली. दोन्ही सैन्यांत दोन्ही धर्म. भांडण होते मुलखाचे.

रोजच्या जगण्याचे चित्र दोन मुसलमान लेखकांनी ठेवले आहे. शैझरचा अमीर उसामा इब्न मुनकिझ फ्रँकांना मनापासून शिव्या घालतो, त्यांच्या वैद्यांची टर उडवतो, पण टेंपलर या ख्रिस्ती लढाऊ पंथाच्या लोकांना ‘माझे मित्र’ म्हणतो. तो जेरुसलेमला गेला की ते त्याला नमाजासाठी एक लहानसे प्रार्थनाघर मोकळे करून देत. एकदा नुकत्याच आलेल्या एका फ्रँकाने त्याला धरून पूर्वेकडे वळवले, ‘अशी प्रार्थना कर’ म्हणून. टेंपलरांनी त्या नवख्याला बाजूला ओढले आणि उसामाची माफी मागितली. उसामाचे निरीक्षण असे की जे इथे राहून मुरले ते बरे, ताजे आलेले रांगडे.

दुसरा इब्न जुबैर, स्पेनहून निघालेला हाजी. ११८४ मध्ये तो दमास्कसहून एकरच्या बंदराकडे निघाला. एकीकडे सैन्ये लढत आहेत आणि त्यांच्या मधून व्यापाऱ्यांचे तांडे बिनधास्त ये-जा करत आहेत, हे पाहून तो थक्क झाला. तिबनीनच्या परिसरात फ्रँकांच्या राज्यातले मुसलमान शेतकरी अर्धे पीक आणि माणशी एक दिनार पाच किरात एवढे देत. घरे आणि कारभार त्यांचा त्यांच्याकडे. मुसलमान जमीनदारांच्या हाताखालच्या शेतकऱ्यांपेक्षा हे सुखी आहेत, असे तो चरफडत लिहितो. त्याला ते मुळीच आवडले नव्हते, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची.

आणि नाणी! एकर, त्रिपोलीच्या टांकसाळीत फ्रँक जे सोन्याचे नाणे पाडत ते फातिमी दिनाराची नक्कल असे, अरबी अक्षरांसकट. जेरुसलेमच्या रक्षणासाठी उभे राहिलेले ख्रिस्ती राज्य, आणि त्याच्या सोन्यावर अल्लाह आणि मुहंमद पैगंबरांचे नाव. बाजार तेच नाणे ओळखे, मग दुसरे काढून करायचे काय? शंभराहून अधिक वर्षांनी पोपच्या एका वकिलाच्या हे लक्षात आले आणि त्याने ओरड केली. टांकसाळीने काढलेला तोडगा झकास होता: १२५१ पासूनच्या नाण्यांवर क्रूस आला, मजकूर ख्रिस्ती झाला, पण भाषा अरबीच राहिली.

हे सगळे वाचून कोणी ‘म्हणजे गुण्यागोविंदाने राहत होते’ असे म्हणू नये. जिंकलेल्या गावातले लोक गुलाम म्हणून विकले जात, दोन्हीकडे. पण सततचे वैरही नव्हते. टेंपलरांचेच पाहा. ११२० च्या सुमारास यात्रेकरूंच्या रक्षणासाठी हा पंथ निघाला, आणि हळूहळू पॅरिस-लंडनला पैसे ठेवून पूर्वेकडे उचलायची सोय करू लागला. आपल्याकडची हुंडीच ती.

हत्तीनचे पाणी

११४४ मध्ये मोसुलच्या झंगीने एडेसा घेतले. त्यावर दुसरे क्रूसेड निघाले, फ्रान्स आणि जर्मनीचे राजे जातीने आले, आणि ११४८ मध्ये त्यांनी वेढा दिला तो दमास्कसला. दमास्कसचा जेरुसलेमशी झंगीच्या घराण्याविरुद्ध तह झालेला होता. चार दिवसांत वेढा उठला, मित्र मात्र कायमचा गेला. सहा वर्षांनी दमास्कस झंगीचा मुलगा नूरुद्दीन याच्या पदरात पडले.

त्याच नूरुद्दीनच्या चाकरीतल्या कुर्द सरदाराचा पुतण्या म्हणजे सलाहुद्दीन, युरोपचा सलादिन. ११६९ मध्ये इजिप्तचा वजीर झाला, ११७१ मध्ये त्याने फातिमी खिलाफत बंद केली, आणि धनी वारल्यावर धन्याच्याच मुलखावर चालून गेला. दमास्कस, अलेप्पो, शेवटी ११८६ मध्ये मोसुलशी तह. बारा वर्षे त्याची तलवार जास्त करून मुसलमानांवरच चालली, आणि त्याचे टीकाकार त्याला हे तेव्हाही ऐकवत. पण या बारा वर्षांनी एक गोष्ट साधली: नव्वद वर्षांत पहिल्यांदा इजिप्त आणि सिरिया एका हाती आले.

लढाईला निमित्त दिले रेनाल्ड नावाच्या फ्रँक सरदाराने. तहाच्या काळात तांडे लुटायची त्याला खोड होती. ११८२-८३ च्या हिवाळ्यात तर त्याने तांबड्या समुद्रात जहाजे उतरवली होती आणि ऐधाबच्या बंदरावर हल्ला केला होता. त्या बंदरातून हाजी जात आणि हिंदुस्थानचा मसाला येई. पुढे त्याने आणखी एक तांडा लुटला आणि भरपाई द्यायला नकार दिला.

जुलै ११८७. फ्रँकांचे सैन्य, अंदाजे वीस हजार, सफूरियाच्या झऱ्यांजवळ तळ देऊन होते. पाणी भरपूर. सलाहुद्दीनने टायबेरियसला वेढा दिला. तिथल्या किल्ल्यात त्रिपोलीच्या रेमंडची बायको अडकली होती. नवल असे की, जाऊ नका म्हणून सांगणारा रेमंडच होता: माझी बायको, माझा किल्ला, तरी मी सांगतो, पाणी सोडून हलू नका. राजा गी याला रात्री दुसऱ्यांनी भरीस घातले आणि ३ जुलैच्या पहाटे सैन्य उघड्या माळावरून निघाले. वाटेत पुरेसे पाणी नाही, अंगावर चिलखत, मागून-पुढून बाणांचा पाऊस. रात्र कोरड्या घशाने काढली. सलाहुद्दीनच्या छावणीत उंटांवरून पखाली येत होत्या. सकाळी त्याच्या माणसांनी वाळके गवत पेटवले आणि धूर फ्रँकांच्या तोंडावर गेला. गॅलिलीचे तळे खाली होते, पण तिथवर पोचता आले नाही. हत्तीनच्या दोन टेकाडांवर सगळे संपले.

पकडलेल्या गीला सलाहुद्दीनने बर्फाचे थंड पाणी दिले. गीने पेला रेनाल्डकडे सरकवला, तेव्हा सलाहुद्दीन म्हणाला की हे पाणी मी याला दिलेले नाही. अरबी रीतीप्रमाणे कैद्याला पाणी दिले की त्याला जीवदान मिळते. रेनाल्डला त्याने स्वतः कापले. टेंपलर आणि तसाच दुसरा लढाऊ पंथ हॉस्पिटलर, यांच्या कैद्यांनाही मारले. बाकीचे बाजारात गेले, आणि माल इतका झाला की एकाने आपला कैदी चपलांच्या जोडाला दिला, असे अरब इतिहासकार सांगतात.

२ ऑक्टोबरला जेरुसलेम शरण आले. १०९९ सारखी कत्तल झाली नाही. सुटकेचा दर ठरला, पुरुषाला दहा दिनार, बाईला पाच. गरिबांपैकी सात हजारांसाठी तीस हजार दिनारांचा ठोक सौदा झाला. तरी हजारो लोक पैसे नसल्याने गुलाम झाले. सलाहुद्दीनचा उदारपणा सांगताना ही दुसरी ओळ बहुतेक जण गाळतात.

जेरुसलेम गेले म्हणून निघालेल्या तिसऱ्या क्रूसेडचे नाटक सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. जर्मन सम्राट बार्बारोसा वाटेतच नदीत बुडाला. इंग्लंड-फ्रान्समध्ये ‘सलादिनचा दशांश’ नावाचा कर बसला. इंग्लंडचा राजा रिचर्ड याने एकर घेतले, ठरलेली खंडणी वेळेवर आली नाही म्हणून सुमारे सत्तावीसशे कैदी कापले, आणि जेरुसलेमच्या जवळ जाऊन दोनदा परतला: शहर घेता येईल, राखता येणार नाही. ११९२ मध्ये तह झाला. किनारा फ्रँकांकडे, जेरुसलेम सलाहुद्दीनकडे, यात्रेकरूंना बिनशस्त्र जायला मुभा. पुढच्या मार्चमध्ये सलाहुद्दीन वारला. खजिन्यात निघाले सत्तेचाळीस दिरहम आणि सूरच्या, म्हणजे टायर बंदराच्या, सोन्याचे एक नाणे. आयुष्यभर लढून जे एक बंदर घेता आले नाही, त्याच्याच नावाचे नाणे मागे राहावे, हे मला कुठल्याही कवीच्या कल्पनेपेक्षा सरस वाटते.

याच धामधुमीत, तह होण्याआधी, सूर शहरात जेरुसलेमच्या गादीसाठी निवडलेला माँफेराचा कॉनराड खुनी हल्ल्यात मेला. मारेकरी सिरियाच्या डोंगरातल्या निझारी इस्माइली पंथाचे. त्यांच्याभोवती युरोपने पुढे बऱ्याच भाकडकथा रचल्या. त्याच निझारी परंपरेचे इमाम, पहिले आगाखान, एकोणिसाव्या शतकात मुंबईत येऊन राहिले. १८६६ च्या मुंबई हायकोर्टातल्या खटल्यात न्यायाधीशाने पंथाचा हा सगळा जुना इतिहास निकालात मांडला. माझगावच्या हसनाबादला त्यांची कबर आहे.

जहाजांचे बिल

चौथ्या क्रूसेडची गोष्ट कुठल्याही ठेकेदाराला लगेच कळेल. १२०१ मध्ये फ्रेंच सरदारांचे वकील व्हेनिसला गेले. ३३,५०० माणसे आणि ४,५०० घोडे नेण्यासाठी जहाजे व शिधा, किंमत ८५,००० मार्क चांदी. व्हेनिसने आपला इतर व्यापार बाजूला ठेवून ताफा बांधला. ठरल्या वेळी माणसे आली ती जेमतेम तिसरा हिस्सा. ज्यांनी सह्या केल्या नव्हत्या ते दुसऱ्या बंदरांतून परस्पर गेले, त्यांना कोण अडवणार? सोन्याचांदीची भांडी मोडूनही ३४,००० मार्क कमी पडले.

व्हेनिसचा आंधळा, म्हातारा दोजे, म्हणजे प्रमुख, दांदोलो याने तोडगा सुचवला: समुद्रापलीकडचे झारा शहर आमच्याविरुद्ध उठले आहे, ते घेऊन द्या, हप्ता पुढे ढकलू. झारा ख्रिस्ती होते. पोपने मनाई केली, तरी ते लुटले गेले. मग कॉन्स्टँटिनोपलचा पळून आलेला राजपुत्र भेटला: मला गादीवर बसवा, दोन लाख मार्क देतो. बसवले. पैसे त्याच्याकडे नव्हतेच, आणि लवकरच त्याचा गळा आवळला गेला. एप्रिल १२०४ मध्ये क्रूस लावलेल्या सैन्याने जगातले सर्वांत श्रीमंत ख्रिस्ती शहर तीन दिवस लुटले. तिथले चार काशाचे घोडे व्हेनिसला गेले. सेंट मार्कच्या चर्चमध्ये ते आजही आहेत. ज्या साम्राज्याच्या हाकेवर सगळे सुरू झाले होते ते असे संपवले गेले; १२६१ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, पण पूर्वीचे बळ परत आले नाही.

आता उलटे उदाहरण. जर्मन सम्राट फ्रेडरिक दुसरा सिसिलीत वाढलेला. मोहिमेला निघायला उशीर केला म्हणून पोपने त्याला धर्मबहिष्कृत केले. तो तसाच गेला. इजिप्तचा सुलतान अल-कामिल, सलाहुद्दीनचा पुतण्या, स्वतःच्या घरच्या तंट्यात अडकलेला. १२२९ मध्ये दोघांनी पत्रे-वकील पाठवून तह केला: जेरुसलेम दहा वर्षे फ्रेडरिककडे, अल-अक्साचा परिसर मुसलमानांकडे. रक्ताचा थेंब न सांडता शहर मिळाले. आणि दोघांनाही आपापल्या लोकांनी झोडपले! दमास्कसमध्ये मशिदीतून शोक झाला. फ्रेडरिक जहाजावर चढताना एकरच्या खाटिकांनी त्याच्यावर आतडी फेकली. १२४४ मध्ये मंगोलांनी हुसकावलेल्या ख्वारिझमी टोळ्यांनी शहर घेतले ते कायमचेच.

पुढचा काळ इजिप्तच्या मामलुकांचा, म्हणजे गुलाम सैनिकांतून राज्यकर्ते झालेल्यांचा. फ्रान्सचा नववा लुई त्यांच्या हाती सापडला आणि जबर खंडणी देऊन सुटला. मामलुकांनी १२६० मध्ये मंगोलांना रोखले, १२६८ मध्ये अँटिओक घेतले, आणि १८ मे १२९१ रोजी फ्रँकांचे शेवटचे मोठे ठाणे, एकर, पडले. पोपने इजिप्तशी व्यापारावर बंदी घातली. अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर मलबारची मिरी उतरत राहिली आणि व्हेनिस परवाने काढून ती उचलत राहिले.

फिरंगी आपल्याकडे आला तो दुसऱ्याच वाटेने. ११४७ मध्ये दुसऱ्या क्रूसेडला निघालेली इंग्रज, फ्लेमिश आणि जर्मन जहाजे वाटेत पोर्तुगालला थांबली आणि त्यांच्या मदतीने तिथल्या राजाने मुसलमानांकडून लिस्बन घेतले. १३१२ मध्ये पोपने टेंपलर पंथ मोडला, तेव्हा पोर्तुगालच्या राजाने त्यांची मालमत्ता नव्या पंथाला दिली, नाव ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’. आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजे धाडणारा राजपुत्र हेन्री याच पंथाचा कारभारी होता, पंथाचा पैसा त्या सफरींत गेला, आणि पंथाचा लाल क्रूस पोर्तुगीज शिडांवर चढला. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला तेव्हा त्याचा माणूस म्हणाला की आम्ही ख्रिस्ती आणि मसाले शोधायला आलो आहोत. १५१० मध्ये अल्बुकर्कने विजापूरकरांकडून गोवा घेतले, तिथल्या मुसलमानांची कत्तल केली, आणि नाईल नदीचा प्रवाह वळवून इजिप्तला पाण्यावाचून मारायचे बेत तो करत राहिला.